समुद्रतळ खोल बुडतो, लाव्हातून परततो: प्लूम, प्राचीन स्लॅब आणि खडकांचे रसायन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दक्षिण पॅसिफिकमधल्या कुक द्वीपसमूहात मंगाइया नावाचे छोटे बेट आहे. तिथल्या सुमारे २ कोटी वर्षे जुन्या लाव्हात गंधकयुक्त खनिजांचे सूक्ष्म कण मिळाले. त्यांतल्या गंधकावर २४५ कोटी वर्षांहून जुन्या, ऑक्सिजन नसलेल्या हवेची खूण आहे. म्हणजे ते गंधक एके काळी पृथ्वीच्या पृष्ठभागावर होते, मग बुडणाऱ्या भूपट्टाबरोबर प्रावरणात (कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात) गेले, पृथ्वीच्या निम्म्याहून अधिक आयुष्यभर तिथे राहिले आणि ज्वालामुखीतून पुन्हा वर आले. एवढे मोठे विधान नुसते सांगून भागत नाही, ते कसे कळले हेही सांगावे लागते. भूशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक आणि सह्याद्रीत हिंडणारे जिज्ञासू पुन्हा पुन्हा विचारतात त्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्लूम म्हणजे जमिनीखालची लाव्हाची नळी का?

नाही, आणि हा गैरसमज आधी दूर केला तर पुढचे सगळे सोपे होते. कवचाखालपासून सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचे प्रावरण घन खडकाचे आहे. तिथल्या उष्णतेत आणि दाबात हा घन खडक वर्षाला काही सेंटिमीटर अशा संथ गतीने वाहतो. आजूबाजूपेक्षा साधारण १०० ते ३०० अंश सेल्सिअसने जास्त गरम असलेला खडकाचा स्तंभ वर सरकू लागतो, तो प्लूम. पृष्ठभागाजवळ आल्यावर दाब कमी होतो आणि मगच त्याचा थोडा भाग वितळतो. आपण पाहतो तो बसाल्ट या थोड्या भागातून तयार होतो.

हवाई बेटांची रांग एका स्थिर तप्तस्थळावरून भूपट्ट सरकल्यामुळे बनली, ही कल्पना जे. तुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये मांडली. अशा तप्तस्थळांखाली प्रावरणाच्या तळापासून वर येणारे प्लूम असावेत, असे डब्ल्यू. जेसन मॉर्गन यांनी १९७१ मध्ये सुचवले.

आणि स्लॅब?

मध्यसागरी रांगांवर नवे सागरी कवच तयार होते. ते ६-७ किलोमीटर जाडीचे बसाल्टी कवच असते. कोट्यवधी वर्षे समुद्राचे पाणी त्याच्या भेगांतून फिरते, त्यातली खनिजे बदलते, आणि वर गाळ साचत जातो. थंड होऊन जड झालेला हा भूपट्ट टोंगा, जपान, जावा अशा सागरी खंदकांपाशी प्रावरणात शिरतो. या खाली जाणाऱ्या भूपट्टाला स्लॅब म्हणतात.

आजचा जवळपास सगळा समुद्रतळ २० कोटी वर्षांपेक्षा तरुण आहे. त्याआधीचा समुद्रतळ खाली गेला. खोलवर बसाल्टचे रूपांतर गार्नेट आणि पायरॉक्सीन असलेल्या एक्लोगाइटमध्ये होते, आणि हा खडक प्रावरणातल्या नेहमीच्या पेरिडोटाइटपेक्षा जड असल्यामुळे बुडण्याला जोर मिळतो. काही स्लॅब ६६० किलोमीटर खोलीच्या आसपास अडून आडवे पसरतात, काही थेट गाभ्याच्या सीमेपर्यंत पोचतात.

भूकंपलहरींनी स्लॅब दिसतात ना? मग लाव्हाचे रसायन कशाला तपासायचे?

भूकंपलहरींनी दिसतात हे खरे. थंड खडकातून लहरी थोड्या वेगाने जातात, त्यावरून पृथ्वीच्या पोटाचे चित्र काढता येते. उत्तर अमेरिकेखाली फॅरॅलॉन भूपट्टाचे अवशेष असेच सापडले. आपल्या पायांखालीही असेच आहे: हिमालय होण्याआधी भारत आणि आशिया यांच्यामध्ये असलेल्या टेथिस महासागराच्या तळाचे तुकडे भारताखालच्या प्रावरणात आहेत, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले.

पण हे चित्र आजचे असते. स्लॅब काही कोटी वर्षांत हळूहळू गरम होतो आणि पुरेसा काळ गेला की भूकंपलहरींना तो वेगळा ओळखू येत नाही. शंभर-दोनशे कोटी वर्षांपूर्वी बुडालेल्या समुद्रतळाचे थंडपण केव्हाच गेलेले असते. त्याचे रसायन मात्र जात नाही. घन खडकात अणू इतके सावकाश सरकतात की कोट्यवधी वर्षांतही ते फार दूर पसरत नाहीत. प्रावरणाच्या प्रवाहात तो समुद्रतळ ताणला जातो, दुमडला जातो, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखा पातळ होत जातो, तरी प्रत्येक पापुद्रा स्वतःचे रसायन धरून राहतो. म्हणून इतक्या जुन्या काळाबद्दल बोलायचे तर लाव्हाकडे जाण्यावाचून पर्याय नाही. माझ्या दृष्टीने या विषयाची खरी ताकद इथे आहे.

खडक वितळला की जुनी ओळख पुसली जात नाही का?

मूलद्रव्यांचे प्रमाण बदलते, पण जड समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) परस्पर गुणोत्तर बदलत नाही. स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ हे दोन्ही अणू रासायनिकदृष्ट्या सारखेच वागतात. खडक वितळताना त्यांतला एकच तेवढा निवडून बाहेर पडत नाही. त्यामुळे स्रोतात जे गुणोत्तर होते तेच लाव्हात उतरते.

हे गुणोत्तर वेगवेगळ्या खडकांत वेगळे होण्याचे कारण किरणोत्सारी क्षय हे आहे. रुबिडियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८७ होते, पण अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे ४,९०० कोटी वर्षे. समेरियम-१४७ चे निओडिमियम-१४३ होते, अर्धायुष्य सुमारे १०,६०० कोटी वर्षे. युरेनियम-२३८ चे शिसे-२०६ होते, अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षे. इतक्या सावकाश चालणाऱ्या घड्याळांत फरक मोजण्याइतका व्हायला फार मोठा काळ लागतो. म्हणून एखाद्या बेटाच्या लाव्हात ठळकपणे वेगळे गुणोत्तर दिसले, तर त्याचा स्रोत पुष्कळ आधी बाकीच्या प्रावरणापासून वेगळा पडला होता असे म्हणता येते.

१९८२ मध्ये अल्ब्रेक्ट हॉफमन आणि विल्यम व्हाइट यांनी या निरीक्षणांतून एक धाडसी निष्कर्ष काढला: सागरी बेटांचा लाव्हा ज्या प्लूममधून येतो त्यात प्राचीन, बुडालेले सागरी कवच आहे. आजची बहुतेक चर्चा या निबंधाच्या खांद्यावर उभी आहे.

बुडताना भूपट्टाच्या रसायनात काय बदल होतो?

खाली जाताना दाब आणि तापमान वाढते, खनिजांतले पाणी सुटते, आणि ते पाणी काही मूलद्रव्ये बरोबर घेऊन वर जाते. त्यातून खंदकाशेजारचे ज्वालामुखी पेटतात. जपानचे, अँडीजचे आणि अंदमानातल्या बॅरन बेटाचे ज्वालामुखी याच जातीचे आहेत.

शिसे या पाण्याबरोबर सहज निघून जाते. युरेनियम तुलनेने मागे राहते. परिणामी खाली गेलेल्या कवचात शिशाच्या मानाने युरेनियम जास्त होते. आता या कवचाला शंभर-दोनशे कोटी वर्षे द्या. युरेनियमपासून शिसे-२०६ तयार होत राहते आणि शिसे-२०४ मात्र आहे तेवढेच राहते, कारण ते कशाच्याही क्षयातून बनत नाही. मध्यसागरी रांगांच्या बसाल्टमध्ये शिसे-२०६ आणि शिसे-२०४ यांचे गुणोत्तर साधारण १८ ते १९ असते. मंगाइयात ते २१ च्या पुढे जाते.

पुस्तकांत हाय-म्यू, ईएम-१, ईएम-२ असे शब्द येतात. ते काय आहेत?

१९८६ मध्ये अ‍ॅलन झिंडलर आणि स्टॅनले हार्ट यांनी सागरी बसाल्टची सगळी गुणोत्तरे एकत्र मांडली, तेव्हा मांडणीला काही ठळक टोके दिसली. बहुतेक बेटे या टोकांच्या मिश्रणात कुठेतरी बसतात.

एक टोक म्हणजे मध्यसागरी रांगांखालचे उपसलेले प्रावरण, ज्यातून खंडांचे साहित्य आधीच काढले गेले आहे. हाय-म्यू म्हणजे युरेनियमच्या मानाने शिसे कमी असलेला स्रोत. मंगाइया, टुबुआई आणि अटलांटिकमधले सेंट हेलेना ही त्याची ठिकाणे. ईएम-२ म्हणजे खंडावरून वाहून आलेला गाळ ज्यात मिसळला आहे असा स्रोत, सामोआ त्याचे उत्तम उदाहरण. ईएम-१ सर्वांत वादग्रस्त. पिटकर्न आणि ट्रिस्टन-गॉफ ही त्याची बेटे. तिथे खोल समुद्रातला गाळ आहे, की खंडाच्या तळाचा सुटून बुडालेला खडक, यावर एकमत नाही.

ही टोके म्हणजे प्रावरणातल्या चार वेगळ्या टाक्या, असे समजू नये. ती आलेखावरची टोके आहेत. खाली प्रत्यक्षात काय आणि कसे मांडलेले आहे, हा वेगळा प्रश्न आहे.

सामोआच्या लाव्हात खंडाचा गाळ आहे हे कशावरून?

मध्यसागरी रांगांच्या बसाल्टमध्ये स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर ०.७०२५ ते ०.७०३ च्या आसपास असते. सामोआतल्या सवाई बेटाच्या पाण्याखालच्या उतारावरून जाळ्याने ओढून काढलेल्या लाव्हात ते ०.७२०५ पर्यंत आढळले. मॅथ्यू जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी हे २००७ मध्ये प्रसिद्ध केले. दोन आकड्यांतला फरक दिसायला किरकोळ आहे, पण समस्थानिकांच्या जगात तो प्रचंड आहे. एवढे गुणोत्तर यायला रुबिडियम भरपूर लागते, आणि रुबिडियम साठते ते खंडाच्या कवचात.

ऑक्सिजन या निष्कर्षाला दुजोरा देतो. ऑक्सिजन-१८ आणि ऑक्सिजन-१६ यांची मोठी फारकत कमी तापमानात, पाण्याच्या संपर्कात होते. प्रावरणाच्या तापमानाला ती जवळजवळ होतच नाही. सामोआत स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर वाढते तसा ऑलिव्हिन या हिरवट खनिजातला ऑक्सिजन-१८ चा वाटाही वाढतो. या खडकातले काहीतरी एकदा पृष्ठभागावर, पाण्यात होते, याचा हा सरळ पुरावा आहे.

पण टोंगा खंदक सामोआच्या अगदी जवळ आहे. तिथला ताजा गाळ लाव्हात मिसळला नसेल?

ही शंका रास्त आहे आणि संशोधकांनीही ती गंभीरपणे घेतली. सामोआच्या टोकाच्या लाव्हातले शिशाचे समस्थानिक आणि अल्प प्रमाणातली मूलद्रव्ये टोंगाजवळच्या आजच्या गाळाशी जुळत नाहीत. शिवाय सामोआची बेटे भूपट्टाच्या हालचालीनुसार क्रमाने वयस्क होत जातात, म्हणजे रांग प्लूमचीच आहे.

उलट दिशेने मात्र मिसळ झालेली आहे. टोंगा स्लॅबच्या उत्तर कडेला तो फाटतो, आणि त्या वाटेने सामोआ प्लूमचा खडक टोंगाच्या पश्चिमेकडच्या, समुद्राखालच्या लाउ खोऱ्याच्या उत्तर भागाखाली शिरला आहे. तिथल्या बसाल्टमधले हीलियम ते सांगते. प्लूमच्या पोटात प्राचीन समुद्रतळ, आणि बाजूला आजचा स्लॅब त्याला वाट देतो आहे: दोन वेगळ्या काळांतले स्लॅब आणि एक प्लूम यांची अशी गाठ मला तरी दुसरीकडे इतकी स्वच्छ दिसलेली नाही.

गंधकाचा पुरावा इतका महत्त्वाचा का मानतात?

कारण तो तारीख देतो. बाकीचे पुरावे बहुतांशी प्रमाणांच्या युक्तिवादावर उभे असतात. अमुक गुणोत्तर यायला अमुक काळ लागला असेल, असे त्यात गृहीतके धरून सांगावे लागते. गंधकाच्या बाबतीत पृथ्वीच्या इतिहासातली एक घटनाच सीमारेषा आखते.

गंधकाचे ३२, ३३ आणि ३४ हे समस्थानिक नेहमीच्या प्रक्रियांत वस्तुमानाच्या फरकानुसार वेगळे होतात. ३४ चे प्रमाण जितके हलते त्याच्या साधारण निम्मे ३३ चे हलते. उकळणे, स्फटिक होणे, जिवाणूंचे काम, सगळीकडे ढोबळमानाने हाच नियम लागू. पण जेम्स फार्कर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की अतिप्राचीन गाळखडकांत हा नियम मोडलेला दिसतो. त्या काळी हवेत ऑक्सिजन नव्हता, म्हणून ओझोनही नव्हता. सूर्याचे अतिनील किरण थेट खाली येऊन ज्वालामुखींच्या सल्फर डायऑक्साइडचे रेणू फोडत, आणि या प्रकाशरासायनिक क्रियेत ३३ नियमाबाहेर जाई. असे गंधक खाली पडून समुद्रतळाच्या गाळात साठले. पुढे हवेत ऑक्सिजन साचू लागला आणि हा प्रकार बंद झाला. ही खूण २४५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या खडकांत ठळक दिसते आणि नंतर नाहीशी होते.

आता मंगाइया. लाव्हा पृष्ठभागावर येताना त्यातले बरेचसे गंधक वायूरूपाने उडून जाते, आणि नंतर हवा-पाण्याने उरलेलेही बदलते. म्हणून रीटा कॅब्राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाव्हा खडक तसाच मोजला नाही. त्यांनी ऑलिव्हिनचे स्फटिक घेतले. मॅग्मा खोलवर असतानाच हे स्फटिक तयार झाले आणि वाढताना त्यांनी सल्फाइडचे (गंधकयुक्त खनिजाचे) बारीक कण स्वतःच्या आत कोंडून घेतले. बाहेरच्या हवेचा त्या कणांना स्पर्श झालेला नव्हता. आयन प्रोबने (आयनांचा झोत टाकून सूक्ष्म ठिपक्यातले समस्थानिक मोजणाऱ्या यंत्राने) त्यांतले गंधक मोजले, तेव्हा ती नियमबाह्य खूण सापडली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पिटकर्नच्या लाव्हातल्या सल्फाइडांतही, २०१६ मध्ये, तशीच खूण आढळली.

प्रावरणात ही खूण तयार करू शकेल अशी कोणतीही ज्ञात प्रक्रिया नाही. तिला सूर्यप्रकाश लागतो. म्हणूनच मी या प्रयोगाला या संपूर्ण क्षेत्रातला सर्वांत निर्णायक पुरावा मानतो.

हीलियमचे काय? प्लूममध्ये आदिम वायू असतो असे वाचले आहे.

हीलियम-३ पृथ्वीच्या जन्मावेळचे आहे, हीलियम-४ मात्र युरेनियम आणि थोरियमच्या क्षयातून सतत बनते. हवेतले हीलियम-३ आणि हीलियम-४ यांचे गुणोत्तर १ धरले तर मध्यसागरी रांगांच्या बसाल्टमध्ये ते साधारण ८ पट असते. हवाईजवळच्या कामाएहुआकानालोआ या समुद्राखालच्या ज्वालामुखीत (याला पूर्वी लोइही म्हणत) ते ३० पटींहून अधिक आहे. कॅनडातल्या बॅफिन बेटाच्या सुमारे ६ कोटी वर्षे जुन्या लाव्हात ६७ पटींपर्यंत मोजले गेले, आणि हे २०२३ मध्ये जाहीर झाले.

यावरून काही जण म्हणतात की प्लूममधला खडक आदिम असेल तर तो पुनर्वापरातला, म्हणजे बुडून पुन्हा वर आलेला, कसा? दोन्ही असू शकतात. हाय-म्यू बेटांत हे गुणोत्तर मध्यसागरी रांगांपेक्षाही कमी, साधारण ५ ते ७ पट भरते, कारण बुडालेल्या कवचातले युरेनियम-थोरियम हीलियम-४ ची भर घालत राहते. तेव्हा जुने कवच आणि कधीच न वितळलेला आदिम खडक हे दोन घटक एकाच प्लूममध्ये वेगवेगळ्या प्रमाणात वर येतात, असे म्हणणे पुराव्याला धरून आहे.

एकाच प्लूमच्या दोन बाजू वेगळ्या असू शकतात का?

असतात, आणि हवाई हे त्याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण. तिथले ज्वालामुखी दोन समांतर रांगांत आहेत हे जेम्स ड्वाइट डेना यांच्या १९व्या शतकातच लक्षात आले होते. एका रांगेत मौना लोआ, हुआलालाई आणि ओआहू बेटावरचा कोओलाउ. दुसरीत किलाउएआ, मौना केआ, कोहाला. पुढे शिशाच्या समस्थानिकांनी दाखवले की या रांगा रसायनानेही वेगळ्या आहेत, आणि हा फरक लाखो वर्षे टिकून आहे. हिलोजवळच्या वैज्ञानिक विंधनात सुमारे ३,५०० मीटर खोलीपर्यंत लाव्हाचे थर मिळाले, त्यामुळे मौना केआचा मोठा इतिहास सलग वाचता आला.

लोआ बाजूला, विशेषतः कोओलाउमध्ये, बुडालेल्या कवचाची आणि गाळाची खूण जास्त आहे. गाभ्याच्या सीमेवर पॅसिफिकखाली एक प्रचंड प्रदेश आहे जिथे भूकंपलहरी मंदावतात. लोआ रांगेचा स्रोत या प्रदेशाच्या कडेच्या आतल्या बाजूला आणि केआ रांगेचा बाहेरच्या बाजूला असावा, असे डॉमिनिक वाइस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडले. हे खरे असेल तर पृष्ठभागावरच्या दोन ज्वालामुखींच्या रसायनावरून आपण २,९०० किलोमीटर खालची सीमा आखतो आहोत.

हवाईतले ऑलिव्हिनही बोलते. त्यात निकेल अपेक्षेपेक्षा जास्त आहे. अलेक्झांडर सोबोलेव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याचा अर्थ असा लावला की एक्लोगाइट आधी वितळतो, त्याचा रस आजूबाजूच्या पेरिडोटाइटशी क्रिया करतो आणि ऑलिव्हिन नसलेला पायरॉक्सीनाइट तयार होतो. लाव्हाचा मोठा वाटा त्यातून येतो. प्लूममध्ये एक्लोगाइट किती असू शकेल यालाही मर्यादा आहे. तो जड असतो, फार झाला तर प्लूम वर चढूच शकणार नाही.

दख्खनच्या पठाराचा याच्याशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे, पण अपेक्षेपेक्षा वेगळा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला तेव्हा भारत आज रियुनियन बेट जिथे आहे त्या प्लूमवर होता. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, रियुनियन अशी माळ उरली. राजस्थानातल्या मुंडवारा आणि सरनू-दंडाली इथल्या, दख्खनच्या मुख्य उद्रेकाआधीच्या खडकांत हीलियमचे गुणोत्तर हवेच्या सुमारे १४ पटींपर्यंत मिळाले. असीश बसू आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ते प्रसिद्ध केले. रियुनियनच्या लाव्हातही ते १२ ते १४ पटींच्या दरम्यान असते.

तरीही बुडालेल्या समुद्रतळाचा माग काढायला सह्याद्री ही सोपी जागा नाही. इथला लाव्हा जाड, जुन्या खंडीय कवचातून वर आला, आणि वाटेत त्याने ते कवच थोडे विरघळवून घेतले. दख्खनच्या लाव्हाथरांपैकी बुशे नावाच्या स्तरसमूहात स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर ०.७१ च्या वर जाते. त्यावर एक स्तरसमूह सोडून असलेल्या आंबेनळी स्तरसमूहात ते ०.७०४ च्या आसपास येते. म्हणून प्लूमचे रसायन शोधणारे आंबेनळीकडे वळतात, बुशेकडे नाही.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. बुशेचा आकडा सामोआच्या दिशेने झुकतो, पण कथा उलटी आहे. सामोआत खंडाचे साहित्य फार पूर्वी बुडाले आणि प्लूमबरोबर खालून आले, कारण त्या बेटाखाली खंड नाही, सागरी कवच आहे. बुशेत खंडाचे साहित्य लाव्हाने शेवटच्या काही किलोमीटरच्या प्रवासात उचलले. एकच गुणोत्तर, दोन इतिहास. नुसता आकडा पाहून निष्कर्ष काढणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही.

रियुनियनच्या प्लूमबद्दल विचाराल तर त्याचे समस्थानिक बरेच एकसारखे आहेत आणि वर सांगितलेल्या कोणत्याही टोकाजवळ ते जात नाहीत. मंगाइया किंवा सामोआसारखी ठळक खूण तिथे नाही.

मॉरिशसमध्ये ३०० कोटी वर्षांचे खनिज सापडले, तो पुनर्वापराचाच पुरावा नाही का?

मॉरिशसमध्ये मोठा मराठी समाज आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे आवर्जून येतो. तिथल्या सुमारे ६० लाख वर्षे वयाच्या ट्रॅकाइट या ज्वालामुखी खडकात २५० ते ३०० कोटी वर्षे जुने झिर्कॉन या टिकाऊ खनिजाचे कण मिळाले, हे २०१७ मध्ये ल्युइस अ‍ॅश्वल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. पण त्याचा अर्थ वेगळा लावला जातो. भारत आणि मादागास्कर वेगळे होताना खंडाचा एक तुकडा मध्येच राहिला आणि मॉरिशसच्या लाव्हाखाली गाडला गेला. ते झिर्कॉन वर येणाऱ्या मॅग्माने त्या तुकड्यातून उचलले. म्हणजे बुशेचीच गोष्ट, समुद्राच्या मध्यभागी.

टंगस्टनबद्दल काय चालू आहे?

हाफ्नियम-१८२ चे टंगस्टन-१८२ होते, अर्धायुष्य फक्त ८९ लाख वर्षे. पृथ्वीच्या पहिल्या काही कोटी वर्षांतच ते संपले. हवाई आणि सामोआच्या काही लाव्हांत टंगस्टन-१८२ किंचित कमी आहे, आणि हा कमीपणा जास्त हीलियम-३ असलेल्या नमुन्यांत दिसतो. आंद्रेआ मुंडल आणि सहकाऱ्यांनी हे २०१७ मध्ये दाखवले. गाभ्याशी रासायनिक देवघेव हे त्याचे एक स्पष्टीकरण. बुडालेल्या समुद्रतळात असा कमीपणा येण्याचे कारण नाही, त्यामुळे प्लूममध्ये स्लॅबखेरीजही काही आहे, याला बळ मिळते.

सगळे भूशास्त्रज्ञ हे मान्य करतात का?

पुनर्वापर होतो याबद्दल वाद फार उरलेला नाही. वाद आहे तो कुठे आणि कसा याबद्दल. डॉन अँडरसन आणि जिलियन फोल्जर यांच्यासारख्या अभ्यासकांनी खोल प्लूमच्या कल्पनेवरच आक्षेप घेतले. त्यांच्या मते उथळ प्रावरणातली विविधता आणि भूपट्टांतल्या भेगा यांनी बरेच काही समजते. हाय-म्यूबद्दलही कार्बोनेटयुक्त रसाने बदललेले प्राचीन खंडतळ हा पर्यायी स्रोत सुचवला गेला आहे.

मला प्लूमची बाजू अधिक पटते, कारण हवाईसारख्या ठिकाणी जास्तीचे तापमान, आदिम हीलियम आणि खोल रचनेशी जुळणारे रसायन हे तिन्ही एकत्र येतात. पण प्रत्येक तप्तस्थळाला हीच कथा लावणे मला मान्य नाही. जिथे तिन्ही पुरावे नाहीत तिथे थांबावे.

प्रयोगशाळेत नेमके काय करतात?

हवामानाने गंजलेला भाग टाकून ताजा खडक घेतात, तो फोडतात, सूक्ष्मदर्शकाखाली कण निवडतात. समुद्राचे पाणी आणि दुय्यम खनिजे काढण्यासाठी आम्लाने धुतात. पाण्याखालच्या नमुन्यांत ही पायरी चुकली तर समुद्राचे स्ट्रॉन्शियम मोजले जाते आणि सगळा निष्कर्ष बिघडतो. मग अतिस्वच्छ खोलीत खडक आम्लात विरघळवून रेझिनच्या नळीतून शिसे, स्ट्रॉन्शियम, निओडिमियम वेगळे काढतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर (वस्तुमानानुसार अणू वेगळे करणाऱ्या यंत्रावर) मोजतात. गंधकासारख्या कामात स्फटिकाच्या आतला एखादा सूक्ष्म कणच आयन प्रोबने मोजतात.

मला स्वतः हे पडताळून पाहायचे असेल तर?

खडक पाहायचे तर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जा. पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर हे तिन्ही स्तरसमूह त्याच परिसराच्या नावाचे आहेत. डोळ्यांनी ते जवळजवळ सारखेच दिसतात. त्यांचा वेगळेपणा रसायनात आहे, म्हणूनच दख्खनचा हा क्रम लावताना रासायनिक विश्लेषणावर एवढा भर द्यावा लागला.

आकडे पाहायचे तर जीओरॉक हा ज्वालामुखी खडकांच्या विश्लेषणांचा जर्मनीतून चालणारा माहितीसाठा सर्वांना विनामूल्य खुला आहे. सेंट हेलेना, पिटकर्न आणि सामोआ यांची शिसे आणि स्ट्रॉन्शियमची गुणोत्तरे उतरवून घ्या. आडव्या अक्षावर शिसे-२०६/शिसे-२०४ आणि उभ्या अक्षावर स्ट्रॉन्शियम-८७/८६ ठेवा. सेंट हेलेना उजवीकडे खाली जाईल, सामोआ वर चढेल, पिटकर्न डावीकडे राहील. मग त्याच आलेखावर आंबेनळी आणि बुशे टाका, आणि बुशेचे बिंदू सामोआशी कुठे जुळतात, कुठे जुळत नाहीत, ते शिशाच्या अक्षावर तपासा.